रेकॉर्ड दुर्मिळ की नुसती जुनी? शोधणं, पारखणं आणि टिकवणं

तुमचे प्रश्न आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ राहील. आवडत्या बँडचे नेहमीचे सगळे अल्बम जमलेत, आता जुनी पहिली प्रेसिंग्ज (म्हणजे अल्बमच्या अगदी पहिल्या खेपेत दाबून काढलेल्या कॉपी) आणि सहज हाताला न लागणारे सिंगल्स हवेत. त्यात नकली किंवा भलतीच कॉपी गळ्यात पडू नये म्हणून काय बघायचं, आणल्यावर ती वाजवायची की नुसती जपायची, वर्षानुवर्षं टिकवायची कशी, आणि एका जुन्या एलपीवर धुरकट पांढरट थर आलाय जो पुसून जात नाहीये त्याचं काय करायचं. मी बरीच वर्षं यात आहे, स्वतःचं कलेक्शन आहेच पण लोक आपापल्या रेकॉर्ड्स बघायला आणून देतात त्यात जास्त वेळ जातो, त्यामुळे जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

दुर्मिळ असते ती प्रत, अल्बम क्वचितच दुर्मिळ असतो. लाखांनी खपलेला अल्बम घ्या, त्याच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या कॉपी आणि दहा वर्षांनी निघालेल्या कॉपी बाहेरून सारख्याच दिसतात पण कलेक्टरच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून कोणी "अमुक अल्बम मिळाला" असं सांगितलं की मी पहिलं विचारतो, डेड वॅक्समध्ये काय आहे? शेवटचं गाणं संपल्यावर सुई जिथे गोल गोल फिरत राहते तो लेबलभोवतीचा गुळगुळीत पट्टा म्हणजे डेड वॅक्स. त्यात मॅट्रिक्स नंबर (ती बाजू कुठल्या मूळ डिस्कवरून निघाली ते सांगणारा क्रमांक) हातानं कोरलेला किंवा ठोकलेला असतो, कधी कटिंग करणाऱ्या, म्हणजे त्या मूळ डिस्कवर खाचा कापणाऱ्या, इंजिनिअरची आद्याक्षरं, कधी प्लांटची खूण. कव्हर बदलता येतं, लेबल नव्यानं छापता येतं, पण या पट्ट्यात हुबेहूब नक्कल करणं फार कमी लोकांना जमतं.

लेड झेपलिनचा दुसरा अल्बम हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १९६९ मध्ये बॉब लुडविगनं त्याचं पहिलं अमेरिकन कटिंग केलं ते इतकं दणदणीत झालं की साध्या प्लेअरवर सुई उड्या मारायला लागली, मग कंपनीनं आवाज दाबून दुसरं कटिंग करून घेतलं. कव्हर तेच, लेबल तेच. पहिल्याच्या डेड वॅक्समध्ये 'आरएल' (बॉबचं पूर्ण नाव रॉबर्ट) ही अक्षरं आहेत, बस्स, तेवढाच पुरावा. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी दोन्ही सारख्याच जुन्या रेकॉर्ड्स, आणि ज्याला माहीत आहे तो त्याच ढिगातून बरोबर ती एक उचलून नेतो. दोन्ही बाजू बघायच्या हं, एका बाजूवर अक्षरं दिसली की थांबायचं नाही.

ब्रिटिश ईएमआय कंपनीच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्स याहून पुढच्या, त्यांची आख्खी सांकेतिक लिपी आहे. लेबल सरळ वाचता येईल असं धरलं की खाली घड्याळात सहा वाजतात तिथे मॅट्रिक्स नंबर, डावीकडे नऊच्या जागी मदरचा (ज्या धातूच्या प्रतीवरून स्टॅम्पर बनवतात तिचा) नंबर आणि उजवीकडे तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरं. ही अक्षरं जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या क्रमावर चालतात (ग्रामोफोन कंपनीच्या नावातूनच घेतलेली आहेत), जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. म्हणजे तीनच्या जागी 'आरए' दिसलं तर तो २३ वा स्टॅम्पर. स्टॅम्पर म्हणजे ज्या धातूच्या साच्यानं रेकॉर्ड दाबून काढतात तो, आणि तो काही प्रतींनंतर झिजतो म्हणून नवा लावावा लागतो, त्यामुळे आकडा जितका लहान तितकी प्रत साधारण सुरुवातीची. साधारणच म्हणतोय कारण प्लांटमध्ये एकाच वेळी अनेक प्रेस चालायच्या आणि स्टॅम्पर नंबराच्या क्रमानंच लागतील असं काही नव्हतं. "एक नंबरचा स्टॅम्पर आहे" म्हणून कोणी भाव चढवत असेल तर मदर आणि मॅट्रिक्स पण विचारा, नुसत्या एका अक्षरावर भाळू नका.

आणि एक, पहिलं प्रेसिंग म्हणजे आवाजही उत्तमच, असं अजिबात नाही. ते हवंसं असतं ते त्या काळाशी थेट जोडलेलं असतं म्हणून. ऐकायलाच हवी असेल तर कधीकधी दोन-चार वर्षांनंतरचं शांत व्हाइनलवरचं प्रेसिंग जास्त सुख देतं. जपानी प्रेसिंग्जचा पृष्ठभाग बहुधा फारच शांत असतो पण तिकडे पाठवलेली टेप बऱ्याचदा मूळ टेपची नक्कल असायची, त्यामुळे खरखर नाही पण थोडी धारही गेलेली, असं होतं. माझं मत विचाराल तर वाजवायची वेगळी आणि पुरावा म्हणून ठेवायची वेगळी, असे दोन हेतू आधीच वेगळे करून टाका, अर्ध्या चुकीच्या खरेद्या तिथेच टळतात.

दुसरं म्हणजे हद्द आखा. "बँडचं सगळं" हे वाक्य ऐकायला छान वाटतं पण एखाद्या मोठ्या बँडची सगळ्या देशांची, सगळ्या लेबलांची, सगळ्या रंगांची प्रेसिंग्ज हजारात जातात आणि शेवटी घरात भरताड होते. फक्त मूळ देशातली पहिली प्रेसिंग्ज, किंवा फक्त सात इंची सिंगल्स पिक्चर स्लीव्हसकट (म्हणजे चित्र छापलेल्या कव्हरसकट), किंवा मूळ मेंबर असेपर्यंतचीच वर्षं, असं काहीतरी ठरवा. हद्द ठरली की त्या छोट्या भागातली माहिती तुम्हाला विकणाऱ्यापेक्षा जास्त होते, आणि या छंदात खरा फायदा तिथेच आहे, पैशात नाही. डिस्कॉग्ज ही रेकॉर्ड्सच्या नोंदींची वेबसाइट २००० सालापासून आहे, तिथे एकाच अल्बमच्या प्रत्येक व्हर्जनची वेगळी नोंद असते, मॅट्रिक्ससकट. सुरुवातीला आठवडाभर काही विकत न घेता नुसतं तेच वाचा. तिथली माहितीही लोकांनीच भरलेली असते हे मात्र लक्षात असू द्या, दोन नोंदी एकमेकींशी भांडताना दिसतात तेव्हा फोटोवर विश्वास ठेवायचा, मजकुरावर नाही.

दुर्मिळपणाचेही प्रकार आहेत. एक, मागे घेतलेला माल. सेक्स पिस्टल्सना मार्च १९७७ मध्ये ए अँड एम कंपनीनं साइन केलं आणि आठवड्याच्या आत काढून टाकलं, तोवर सिंगल छापून झाला होता, मग तो जवळपास सगळा नष्ट केला, ज्या थोड्या कॉपी वाचल्या त्यांच्यामागे लोक आजही आहेत. दोन, मुळातच कमी काढलेला माल, जसा निर्वाणाचा पहिला सिंगल, १९८८, सब पॉप या कंपनीच्या सिंगल्स क्लबसाठी, हातानं नंबर घातलेल्या १००० कॉपी. किंवा क्वीनचा १९७८ चा निळ्या व्हाइनलवरचा सिंगल, फक्त २००. हे खरे दुर्मिळ, कारण तेव्हा कोणी कलेक्टरसाठी म्हणून काढलेले नव्हते किंवा बँड इतका मोठा होईल हे कोणाला माहीत नव्हतं. तिसरा प्रकार म्हणजे ठरवून दुर्मिळ केलेला, पाच रंगांत पाच लिमिटेड एडिशन, स्टिकर लावून. रेकॉर्ड स्टोअर डे २००८ पासून सुरू झाला तेव्हापासून या प्रकाराला ऊतच आलाय. आवडलं तर घ्या, पण पहिल्या दिवशी चढलेला भाव वर्षभरात खाली येताना मी इतक्या वेळा बघितलाय की आता त्या गर्दीत मी शिरत नाही, सहा महिने थांबतो.

आता हातात घेऊन तपासण्याबद्दल, कारण खरं शिक्षण इथेच आहे. ट्यूबलाइटखाली कुठलीही रेकॉर्ड चांगलीच दिसते. एकच प्रखर बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च घ्या, रेकॉर्ड कडा आणि लेबल यांनाच धरून तिरकी करा आणि हळूहळू फिरवा. केसासारख्या बारीक रेषा दिसतील त्या बहुतेक कागदी स्लीव्हमधून आत-बाहेर करताना पडलेल्या, त्या ऐकू येत नाहीत. जी रेघ खाचांना आडवी जाते आणि नखाच्या टोकाला हलकी लागते ती मात्र टिक-टिक करणार, दर फेरीला एक. मग मधल्या भोकाभोवती लेबल बघा, तिथे स्पिंडल (प्लेअरची मधली खुंटी) शोधताना घासल्याचे राखाडी ओरखडे असतात, जितके जास्त तितकी ती वाजलेली. विकणारा म्हणतो "एकदाच वाजवली" आणि भोकाभोवती जाळं दिसतंय, तर विषय संपला. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे झीज. जुन्या जड आर्मवर, बोथट सुईनं वाजलेली रेकॉर्ड एकही स्क्रॅच नसताना काळीभोर चमकू शकते, पण टॉर्चमध्ये जोरकस भागांच्या जागी खाचा किंचित करड्या दिसतात आणि वाजवल्यावर बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो. म्हणून वाजवून बघायची संधी असेल तर पहिलं गाणं ऐकूच नका, थेट शेवटचं लावा. शेवटी रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून कड बघा, वाकलेली असेल तर लगेच दिसते.

कव्हरही तसंच वाचायचं असतं. साठच्या दशकातल्या ब्रिटिश कव्हरांच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा पुढच्या कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या दिसतात, त्याला फ्लिपबॅक म्हणतात, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रिंटरचं नाव असतं. नकली कव्हर हे बहुधा खऱ्या कव्हराचा फोटो किंवा स्कॅन घेऊन केलेलं असतं, त्यामुळे भिंग लावलं की बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, आणि छपाईच्या ठिपक्यांवर ठिपके चढून लाटालाटांची नक्षी तयार झालेली असते. मोठ्या अक्षरांकडे आणि चेहऱ्यांकडे बघूच नका, कंपनीचा पत्ता, पेटंटची ओळ, कॅटलॉग नंबर हे बघा.

नकलीच्या बाबतीत बीटल्सचा व्ही-जे कंपनीनं काढलेला १९६४ चा अमेरिकन अल्बम शिकण्यासारखा आहे, इतक्या नकला दुसऱ्या कुठल्या एलपीच्या क्वचितच निघाल्या असतील. नकली कॉपीच्या लेबलवर बहुतेक वेळा अल्बमचं नाव आणि बँडचं नाव दोन्ही भोकाच्या वरतीच छापलेलं असतं, खऱ्यात अल्बमचं नाव वर आणि बँडचं खाली, मध्ये भोक. कव्हरवर स्टीरिओ लिहिलंय आणि आत मोनो निघालं की तर खात्रीच. तुमच्या बँडच्या प्रत्येक महागड्या रेकॉर्डची अशी एक-दोन खुणांची यादी कोणीतरी करून ठेवलेलीच असते, ती खरेदीच्या आधी तोंडपाठ हवी, नंतर नाही. आणि बूटलेग (परवानगीशिवाय काढलेल्या रेकॉर्ड्स), रेडिओवरच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगवरून काढलेल्या हल्लीच्या एलपी, यांना मी वाईट म्हणत नाही, काहींत असं काही ऐकायला मिळतं जे दुसरीकडे नाहीच, पण त्या अधिकृत नव्हेत आणि कोणी कधीही परत छापू शकतो, म्हणून त्यांना दुर्मिळाचा भाव देऊ नका. सीलबंद मालाबद्दल एवढंच, प्लास्टिक परत चढवायची मशिन्स सहज मिळतात, आत काय आहे ते न बघता पहिल्या प्रेसिंगचा भाव देणं म्हणजे जुगार.

ग्रेडिंगमध्ये गोल्डमाइन मासिकाची पद्धत जगभर चालते, मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी आणि खाली. त्यात व्हीजी प्लसची किंमत निअर मिंटच्या साधारण निम्मी आणि व्हीजीची पाव धरतात. नवखे लोक व्हीजी म्हणजे व्हेरी गुड म्हणजे छानच असेल असं समजून घेतात आणि घरी आल्यावर खरखर ऐकून वैतागतात. ऑनलाइन घेताना ग्रेडपेक्षा प्रश्न विचारा: वाजवून ग्रेड केलंय की नुसतं बघून, दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचा फोटो मिळेल का, आतले कागद सगळे आहेत का. आणि पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, कव्हरच्या मागे ठेवून दोन कडक पुठ्ठ्यांत पाठवा असं लेखी सांगा, नाहीतर प्रवासातल्या आपटण्यानं रेकॉर्ड आतून कव्हरची शिवण फाडून बाहेर येते आणि मग भांडत बसावं लागतं.

आतले कागद हा तर वेगळाच शोध असतो. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा तो काळ्या कव्हरचा प्रिझमवाला अल्बम, ब्रिटिश पहिल्या प्रेसिंगच्या लेबलवर प्रिझमचा त्रिकोण निळ्या रंगानं भरलेला असतो, नंतरच्यांवर नुसती रेघ, आणि सोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर. पोस्टर लोकांनी भिंतीवर लावली, स्टिकर कपाटांवर चिकटवले, साहजिकच होतं ते. त्यामुळे पूर्ण संच आणि नुसती रेकॉर्ड यांच्या भावात मोठा फरक पडतो. जपानी कॉपीला ओबी, म्हणजे कव्हरभोवती गुंडाळलेली कागदी पट्टी, असेल तर तेच. मी सल्ला देतो तो असा की रेकॉर्ड उत्तम आणि पोस्टर नाही अशी कॉपी घ्या, पोस्टर पुढेमागे सुटं मिळू शकतं. उलटं, पोस्टर आहे आणि रेकॉर्ड झिजलेली, हे सोडून द्या.

आणि जे आहे ते उचकटू नका, हे मी जरा जोरात सांगतो. १९६६ मध्ये बीटल्सच्या एका अमेरिकन अल्बमचं कसायाच्या वेशातलं कव्हर कंपनीनं घाईघाईनं परत मागवलं आणि बऱ्याच कव्हरांवर दुसरा, ट्रंकवाला फोटो चिकटवून तीच दुकानात पाठवली. उजव्या बाजूच्या पांढऱ्या भागात खालून रिंगोच्या काळ्या स्वेटरचा त्रिकोण पुसटसा दिसतो, त्यावरून ओळखतात. ज्यांना ज्यांना हे कळलं त्यांनी वाफ देऊन, नखानं, काय काय करून वरचा कागद सोलला आणि निम्म्या लोकांनी दोन्ही फोटो घालवले. आता न सोललेलीच कमी होत चालली आहेत. किमतीचं स्टिकर, आधीच्या मालकानं पेनानं लिहिलेलं नाव, दुकानाचा शिक्का, सगळं तसंच राहू द्या.

वाजवायची की नाही? वाजवायची. व्यवस्थित लावलेल्या कार्ट्रिजवर (आर्मच्या टोकाचा सुई बसवलेला भाग), सुईवर कंपनीनं सांगितलेलं वजन ठेवून (आजच्या बहुतेक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी), स्वच्छ सुईनं स्वच्छ रेकॉर्ड वाजवली तर तिला होणारी झीज नगण्य असते. खरी वाट लागते ती बोथट सुईनं, आणि सुई बोथट झालीय हे कानाला कळतं तोवर नुकसान सुरू झालेलं असतं, म्हणून तासांचा हिशेब ठेवायचा, कंपनी किती तास सांगते ते बघा, साधारण पाचशे ते हजारच्या दरम्यान असतं. सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर मात्र दुर्मिळ काहीही लावू नका, त्यातल्या कित्येकांत सुईवरचं वजन जास्त असतं आणि बदलताही येत नाही. अपवाद दोन. एक ॲसिटेट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकर चढवून स्टुडिओत एकेक कापलेली डिस्क, ती मऊ असते, दर वेळी खरोखर झिजते आणि वय झालं की लॅकर आकसून तडकतं, अशी हाताला लागली तर प्रथम जाणकाराकडून २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर डिजिटल ट्रान्सफर करून घ्या आणि मग ठेवून द्या. दुसरा, जुने अमेरिकन स्टायरीनचे सिंगल्स, ते व्हाइनलपेक्षा कडक पण ठिसूळ, चुकीच्या सुईनं थोड्या वेळातच खरखरायला लागतात.

धुण्याबद्दल लोक धर्मयुद्ध करतात, मी थोडक्यात सांगतो. वाजवण्याआधी कार्बन फायबर ब्रश, आणि नव्यानं आलेली प्रत्येक जुनी रेकॉर्ड एकदा ओली धुवायची, डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात अगदी थेंबभर फोटोग्राफीवाल्यांचं वेटिंग एजंट (पाणी नीट पसरवणारं द्रव), मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं परत, लेबल कोरडं ठेवून. पाणी शोषून घेणारं व्हॅक्यूम मशीन परवडलं तर सोन्याहून पिवळं, कारण मळ पाण्यात सुटतो खरा पण पाणी तिथेच वाळलं तर तो परत खाचेतच बसतो. भांड्यांचा साबण नको. आणि अल्कोहोल जुन्या लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना आणि ॲसिटेटला चुकूनही लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

ठेवायची उभी, कायम उभी. तिरकी झुकलेली नको, आणि इतकी दाबूनही नको की काढताना कव्हर घासेल. शंभर एलपींचं वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत जातं, त्यामुळे फळी साधी पुस्तकांची असेल तर आधी तिला आधार द्या. ऊन, हीटर, ॲम्प्लिफायरचा वरचा भाग, बंद गाडी, यातलं काहीही एका दुपारीत रेकॉर्ड वाकवू शकतं. तापमान एकसारखं, माणसाला बरं वाटेल असं, आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, त्याहून जास्त दमटपणा म्हणजे कव्हरला बुरशी. मूळ कागदी इनर स्लीव्ह कव्हरमध्येच ठेवा पण रेकॉर्ड त्यातून काढून नव्या पॉलिथिनच्या इनरमध्ये घाला, आणि ती कव्हरच्या मागे, बाहेरच्या पारदर्शक स्लीव्हमध्ये सरकवा. त्यानं कव्हरवर गोल शिक्का उमटत नाही आणि शिवण फाटत नाही. नवीन रेकॉर्ड उघडली की घट्ट श्रिंक रॅप काढून टाका, तो काळानुसार आवळतो आणि रेकॉर्ड वाकवतो, वरचं स्टिकर हवं असेल तर तेवढं कापून आत ठेवा. शेजारी कोण आहे तेही बघायचं. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या अल्बमच्या कव्हरला खरी धातूची झिप होती, गठ्ठ्यात दाबून ती रेकॉर्डवरच उमटायची, शेवटी झिप अर्धी खाली ओढून पाठवायला लागले म्हणजे तिचा दाब मधल्या लेबलवर येईल. तुमच्याकडे ती असेल तर तशीच अर्धी उघडी ठेवा आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा.

सांभाळण्यातला कंटाळवाणा पण सगळ्यात कामाचा भाग म्हणजे नोंद. प्रत्येक रेकॉर्डचा कॅटलॉग नंबर, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स, कव्हर-लेबल-डेड वॅक्सचे फोटो, कुठून कधी घेतली, पावती असेल तर तिचा फोटो. एक कॉपी घराबाहेर, क्लाउडवर किंवा मित्राकडे. विम्यासाठी लागते, चोरी झाली तर आपलीच आहे हे सिद्ध करायला लागते (नंबर घातलेल्या कॉपींचा तर नंबरच पुरावा), आणि आपल्यामागे घरच्यांना त्या कपाटात काय आहे हे दुसरं कोण सांगणार. मी चांगली चांगली कलेक्शन्स रद्दीच्या भावात गेलेली बघितली आहेत, केवळ घरातल्या कोणाला त्यातल्या कुठल्या वीस बाजूला काढायच्या हे माहीत नव्हतं म्हणून. चांगली कॉपी मिळाली म्हणून जुनी विकायची असेल तर नवी दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून झाल्याशिवाय जुनी सोडायची नाही. उसनी द्यायची नाही, एवढं स्पष्ट सांगायला लाज वाटू देऊ नका, ऐकायला घरी बोलवा.

आता तुमचा तो धुरकट थर. आधी ठरवायचं की बुरशी आहे की दुसरं काही. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि वर सांगितलं तसं धुतलं की बहुतेक निघते, मग कव्हर आणि इनरही तपासा नाहीतर परत येईल. तुम्ही म्हणताय पुसून जात नाही, सलग दुधी झाक आहे, तर बहुतेक ती रेकॉर्ड मऊ, जाडसर, हाताला चिकट लागणाऱ्या पीव्हीसीच्या स्लीव्हमध्ये बरीच वर्षं होती. त्या प्लास्टिकला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि रेकॉर्डच्या पृष्ठभागावर बसतं, मध्ये कागदी इनर असली तरी. धुऊन बघा, थोडं कमी होईल कदाचित, पण पृष्ठभागच बिघडला असेल तर सुसाट वाऱ्यासारखा आवाज येत राहतो आणि तो जात नाही. उगाच जास्त जोरानं घासू नका किंवा कुठली भलती केमिकल्स लावू नका. त्या स्लीव्ह आजच सगळ्या काढून टाका, शेजारच्या रेकॉर्ड्स टॉर्चखाली बघा, आणि बाहेरून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनच्या घाला. कव्हर चांगलं असेल तर त्याच मॅट्रिक्सची, फाटक्या कव्हरची पण चांगली वाजणारी कॉपी शोधा, ती बरीच स्वस्तात मिळते, आणि दोन्हींची एक पूर्ण कॉपी करा. फक्त नोंदीत तसं लिहून ठेवा आणि कधी विकलीत तर घेणाऱ्याला सांगा की डिस्क आणि कव्हर वेगवेगळ्या कॉपींमधले आहेत.